तळघरातली दारू आणि घराचा विमा: ओहायोतलं एक प्रकरण

हे प्रकरण कोलंबसजवळच्या एका उपनगरातलं, आणि दारू म्हणजे बंदुकीची. कुटुंबाला विचारून लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी इथे स्वतंत्र विमा एजंट आहे, म्हणजे चार-सहा कंपन्यांच्या पॉलिसी विकतो. ज्याचं घर त्याला या लेखापुरतं नेमबाज म्हणू, त्यालाही ते नाव आवडलंय.

पार्श्वभूमी

नेमबाज मूळचा सातारा जिल्ह्यातला, मेकॅनिकल इंजिनिअर. 2014 मध्ये ग्रीन कार्ड आलं, 2016 मध्ये घर घेतलं. 1987 सालचं दुमजली घर, खाली तळघर, तळघराच्या एका कोपऱ्यात घर तापवायची गॅसची भट्टी आणि पाणी तापवायची टाकी. 2017 मध्ये ऑफिसातल्या एकाने त्याला रायफल क्लबवर नेलं. शाळेत एनसीसीत असताना पॉइंट टू टू रायफलवर हात बसला होता, पंचवीस वर्षांनी तोच नाद पुन्हा लागला.

नाद लागला की माणूस खोलात जातो, आणि इंजिनिअर जरा जास्तच. 2019 मध्ये त्याने रीलोडिंग सुरू केलं. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गोळी झाडल्यावर काडतुसाची पितळी केस रिकामी होऊन उरते. तिच्या बुडातला वापरलेला प्रायमर, म्हणजे पावडर पेटवणारी छोटी टोपी, काढून नवा बसवायचा, आत मोजून पावडर घालायची, तोंडाशी नवी गोळी दाबून बसवायची, की काडतूस पुन्हा तयार. पावडर ग्रेनमध्ये मोजतात, एका पाउंडात 7000 ग्रेन. त्याच्या .308 रायफलला एका काडतुसाला साधारण चाळीस-पंचेचाळीस ग्रेन लागतात, म्हणजे पाउंडभर पावडरीत दीडशेच्या वर काडतुसं होतात. मी एकदा शेजारी बसून पाहिलंय. चिमटीत चार-पाच दाणे धरून तो काट्याच्या ताटलीत एकेक सोडत होता आणि आकडा जुळेपर्यंत श्वास रोखून होता. आमच्याकडे सोनारही इतकी काटकसर करत नाही.

स्वतःपुरती काडतुसं भरायला अमेरिकेत संघराज्याचा परवाना लागत नाही. विकायला बनवली तर लागतो, त्याकडे पुढे येतो. भारतात मात्र हे तळघर सरळ कोठडीकडे घेऊन गेलं असतं. आपला 1959चा शस्त्र कायदा दारूगोळा बनवायची यंत्रसुद्धा दारूगोळ्यातच मोजतो.

2020 मध्ये कोविड आला आणि प्रायमर बाजारातून गायब झाले. हजाराला तीसएक डॉलर पडणारी पेटी पुढची दोन वर्षं दुप्पट-तिप्पट दरानेही मिळेना. नेमबाजाने तेव्हा जे दिसेल ते घेतलं. दुष्काळ पाहिलेल्या घरातला माणूस, धान्य भरतात तसं त्याने प्रायमर भरले.

घरात नेमकं काय होतं

एप्रिल 2023 मध्ये आम्ही दोघांनी बसून यादी केली. अशी यादी त्यानेही आधी कधी केली नव्हती. धूर न करणारी पावडर एकूण 27 पाउंड: आठ पाउंडांचे दोन डबे न उघडलेले, तिसऱ्यात पाचएक पाउंड शिल्लक, शिवाय एकेक पाउंडाच्या सहा बाटल्या. तीन मापांचे मिळून 12,500 प्रायमर. आणि एक गंजका पत्र्याचा डबा, त्यावरचं लेबल अर्धं उडालेलं. क्लबमधले एक वयस्क गृहस्थ वारले तेव्हा त्यांच्या पत्नीने 'तुला उपयोग होईल' म्हणून दिलेला.

हे सगळं ठेवलं कुठे होतं, ते महत्त्वाचं. पावडरीचे सगळे डबे रायफलींसोबत जाड पोलादी तिजोरीत. प्रायमर लष्करी बनावटीच्या लोखंडी पेट्यांत, झाकणाला रबराची पट्टी, कडी दाबली की हवासुद्धा आत जाणार नाही अशा. तिजोरी भट्टीपासून सात-आठ फुटांवर, कारण तिथली जमीन सपाट होती.

त्याचा हिशोब साधा होता. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. सगळं कुलपात असलं पाहिजे आणि कुलूप पोलादाचं असलं पाहिजे. बाप म्हणून त्यात काही चुकीचं नाही.

अडचण

मार्च 2023 मध्ये नेमबाजाने माझ्याकडची पॉलिसी सोडून ऑनलाइन दुसरी घेतली, वर्षाला 210 डॉलर वाचत होते म्हणून. (मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही.) अर्जात एक प्रश्न होता: घरात स्फोटकं किंवा धोकादायक पदार्थ साठवले आहेत का? त्याने 'नाही' वर टिचकी मारली. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, त्याच्या डोक्यात स्फोटक म्हणजे डायनामाइट होतं.

पाच आठवड्यांनी कंपनीने पाहणीला माणूस पाठवला. नव्या पॉलिसीत हे नेहमीचं असतं. छप्पर, विजेचं पॅनल, भट्टी यांचे फोटो काढतात. भट्टीच्या फोटोत मागे त्याचा कामाचा बाक आला, बाकावर काडतुसं भरायची प्रेस आणि पावडरीची बाटली. दहा दिवसांत पत्र: 'रहिवासी जागेत स्फोटक पदार्थांची निर्मिती व साठवण आढळली. 30 दिवसांनी पॉलिसी रद्द.' नव्या पॉलिसीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत कंपनीला अशी मोकळीक असते, जुन्या ग्राहकाला इतक्या सहज काढता येत नाही.

पत्र त्याच्या बायकोने उघडलं. मला फोन आला तोही तिचाच. "भावजी, घरात दारू ठेवली म्हणून विमा काढून घेतायत." मी आधी हसलो. मग पत्राचा फोटो आला आणि हसू गेलं.

अडचण तिहेरी होती. घरावर कर्ज होतं, आणि विम्यात खंड पडला की बँक स्वतःच्या पसंतीचा विमा लादते. तो महाग असतो आणि बँकेचंच हित राखतो, तुमच्या सोफ्याचं नाही. दुसरं, कंपनीने रद्द केलेली पॉलिसी पुढच्या प्रत्येक अर्जात विचारली जाते. तिसरं, अर्जावरचं ते 'नाही'. जवळजवळ सगळ्या घरविम्यांत एक अट असते: महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून लपवली किंवा चुकीची सांगितली तर संरक्षण नाही. त्या पाच आठवड्यांत स्वयंपाकघरात आग लागली असती, तिचा तळघराशी काडीचा संबंध नसता, तरी कंपनीच्या वकिलाने ते 'नाही' काढून टेबलावर ठेवलं असतं. तो दावा जिंकला असता की हरला असता, हा पुढचा प्रश्न. दीड वर्ष हॉटेलात राहून तो प्रश्न कोण सोडवत बसणार?

विमा कंपन्यांची दारूवरची नजर जुनी आहे. 1880च्या दशकातल्या न्यू यॉर्कच्या प्रमाणित आग-पॉलिसीत बेंझिन, डायनामाइट, फटाके यांच्या जोडीला '25 पाउंडांहून जास्त बंदुकीची दारू' असा थेट उल्लेख होता. ठेवलीत तर पॉलिसी बाद. 1943च्या 165 ओळींच्या नमुन्यात ती यादी गेली आणि व्यापक वाक्य तेवढं राहिलं: विमाधारकाला ठाऊक असताना किंवा त्याच्या हातात असताना धोका वाढला, तर तेवढ्या काळापुरती जबाबदारी नाही. मला विचाराल तर जुना नमुना बरा. 25 पाउंड म्हणजे किती ते काट्यावर समजतं. 'धोका वाढला' म्हणजे किती, ते आग लागल्यावर समजतं.

कायदा काय म्हणतो

माझी पहिली समजूत अशी होती की कंपनीचं बरोबर असेल, घरात 27 पाउंड दारू म्हणजे काहीतरी नियम मोडलेला असणारच. नियम वाचल्यावर चित्र वेगळं निघालं.

ओहायोचा फायर कोड आंतरराष्ट्रीय फायर कोडच्या धर्तीवर आहे. त्यात आणि अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या 495 क्रमांकाच्या मानकात घरातल्या पावडरीचे आकडे साधारण सारखे आहेत. वैयक्तिक वापराची धूर न करणारी पावडर 20 पाउंडांपर्यंत मूळ डब्यांत ठेवता येते. 20च्या वर 50 पर्यंत ठेवायची तर किमान एक इंच जाडीच्या भिंतींच्या लाकडी पेटीत किंवा कपाटात. प्रायमर एनएफपीएच्या मानकात 10,000 पर्यंत. गाव किंवा राज्य याहून कडक नियम करू शकतं, म्हणून आपल्या भागाचा नियम आपणच तपासावा लागतो.

म्हणजे पावडर लाकडी कपाटात असती तर 27 पाउंडही चालली असती. तिजोरीत असल्यामुळे सात पाउंड जास्त. प्रायमर मात्र 2,500नी सरळ जास्त, ते कशातही ठेवा.

आता लाकूडच का? ही पावडर मोकळी पेटली तर जोरात भडकते, पण स्फोट होत नाही. प्लॅस्टिकचा मूळ डबा मुद्दाम कच्चा असतो, उष्णतेने तो आधीच फाटतो आणि वायू निघून जातो. हाच डबा घट्ट पोलादात कोंडला की वायूला वाट राहत नाही, दाब चढत जातो, आणि ज्वाळेचा बॉम्ब होतो. काडतूस उत्पादकांची संस्था सामी याच कारणाने सांगते की कपाट उष्णता अडवणारं असावं आणि त्याची एखादी भिंत किंवा सांधा कच्चा असावा. लाकूड उष्णता सावकाश आत सोडतं, तेवढ्यात अग्निशमनची गाडी दारात येते.

प्रायमरचं प्रकरण वेगळं. त्यात लेड स्टिफनेट असतं, ते जळत नाही, फुटतं. एक फुटला तर शेजारचाही फुटू शकतो. कंपनीच्या खोक्यात प्रत्येक प्रायमर आपापल्या खळग्यात अंतर राखून बसवलेला असतो तो उगाच नाही. ते सोडवून बरणीत ओतले की बरणीचा हातगोळा होतो. नेमबाजाने निदान तेवढं केलं नव्हतं, खोकी शाबूत होती. पण ती खोकी रबरबंद लोखंडी पेटीत होती.

त्याला हे समजावताना मी म्हटलं, तुझ्या आजीची लोणच्याची बरणी आणि प्रेशर कुकर आठव. शिट्टी बुजलेला कुकर तू भट्टीशेजारी ठेवलायस. त्याने डोळे मिटून घेतले.

तोलून पाहिलेले पर्याय

बायकोचं म्हणणं स्पष्ट होतं: सगळं घराबाहेर. तिच्या रागाला इतिहास होता. एकदा धुतलेल्या पितळी केस वाळवायला त्याने स्वयंपाकघरातला ओव्हन वापरला होता, त्यात शिशाचा अंश असतो हे तिला नंतर कळलं. तो ओव्हन तिने बदलायला लावला. तिचा पर्याय सगळ्यात सुरक्षित होता यात वाद नाही, आणि चार दिवस तोच होणार असं वाटत होतं.

दुसरा पर्याय नेमबाजाच्या एका मित्राने सुचवला: सामान आठवडाभर मित्राकडे हलवायचं, दुसऱ्या कंपनीचा विमा काढायचा, पाहणी झाली की सामान परत. मी सांगितलं, असं करायचं असेल तर मला सांगू नकोस आणि माझ्याकडून पॉलिसी घेऊ नकोस. पहिलं 'नाही' अजाणतेपणी गेलं होतं. हे दुसरं जाणूनबुजून गेलं असतं.

तिसरा पर्याय परसातली शेड. वरवर छान: घर वेगळं, साठा वेगळा. पण शेडमध्ये गवत कापायचा पेट्रोलचा मोअर होता. ओहायोच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली पावडर तापणार, हिवाळ्यात दमट होणार, आणि पावडर जुनी होऊन बिघडते ती उष्णतेनेच. शेडचं दार शेजारच्या पोरानेही उघडलं असतं. गॅरेजची तीच गत. क्लबवर ठेवण्याबद्दल विचारलं तर क्लबने हात जोडले, त्यांच्याच विम्याची अडचण.

चौथा: साठा मर्यादेच्या आत आणायचा, ठेवण नीट करायची, आणि जे आहे ते आकड्यांसकट लेखी सांगून विमा मागायचा. यात एक धोका होता, कोणीच कंपनी 'हो' म्हणाली नसती तर? मग बायकोचा पर्याय होताच.

आम्ही चौथा घेतला. बायकोने दोन अटी घातल्या. किल्ली एकच नसावी, दुसरी तिच्याकडे असावी, आणि खरेदीची वही तिने कधीही मागितली तर दाखवायची.

प्रत्यक्ष काय केलं

सर्वांत आधी तो गंजका डबा. बाहेर अंगणात नेऊन त्याने झाकण सैल केलं आणि तोंड मागे घेतलं. आंबट, नाकात झोंबणारा वास. आत दाण्यांवर गंजासारखी तांबूस पूड. बिघडलेल्या पावडरीची हीच खूण. चांगल्या पावडरीला ईथरसारखा सौम्य वास येतो, बिघडली की ॲसिडसारखा. अशी पावडर बंद डब्यात आपोआप तापत जाऊ शकते. हा डबा दोन वर्षं बाकीच्या 27 पाउंडांना खेटून तिजोरीत होता. संपूर्ण प्रकरणात मला भीती वाटली ती याच क्षणी, पत्र वाचताना नाही.

परसात जाळायची गावाची परवानगी नव्हती. क्लबच्या मोकळ्या रेंजवर, तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्यासमोर, एक इंचाहून कमी उंचीच्या पातळ थरात पसरून, लांबून पेटवून ती संपवली. फस्स आवाज झाला, पिवळी ज्वाळा, काही सेकंदांत काम तमाम. मुलगा बरोबर होता. तिजोरीवर लावलेल्या कुलपापेक्षा त्या ज्वाळेचा त्याच्यावर जास्त परिणाम झाला असं नेमबाज म्हणतो.

मग वजाबाकी. न उघडलेला आठ पाउंडांचा एक डबा आणि 3,000 प्रायमर क्लबमधल्या दोघांना देऊन टाकले. राहिली 19 पाउंड पावडर आणि 9,500 प्रायमर. लाकडी कपाट होणारच होतं, तेव्हा 27 ठेवता आली असती, त्याने तसा हट्टही धरला. मी म्हटलं, अंडररायटरला, म्हणजे विमा द्यायचा की नाही ते ठरवणाऱ्याला, '20च्या आत' हे एका ओळीत समजतं, '20च्या वर, पण अमुक कलमानुसार' याला दोन परिच्छेद लागतात, आणि तो पहिल्या ओळीनंतर वाचत नाही.

कपाट सासऱ्यांनी केलं. ते तेव्हा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, हाताला काम नाही म्हणून कंटाळलेले. दुकानातली एक इंची फळी मोजली तर पाऊण इंच भरली. इथे लाकडाचं नाव एक आणि माप दुसरं असतं. सासरे म्हणाले, "नावाला एक इंच, भरायला पाऊण, आणि हे लोक चंद्रावर गेले म्हणे." नावापुरता इंच बहुधा चाललाही असता, पण त्यांनी पाऊण इंची प्लायवूड दुहेरी घेऊन भिंती दीड इंची केल्या. पाठीमागची फळी फक्त छोट्या खिळ्यांनी बसवली, आतून ढकललं तर निघेल अशी. समोर कडी-कुलूप. मुलाच्या हाती लागणार नाही, पण आत दाब धरणार नाही. प्रायमरसाठी वेगळं छोटं कपाट, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. दोन्ही भट्टीपासून दूर, बाहेरच्या भिंतीला. तिजोरीत आता फक्त रायफली.

इथे एक गोष्ट आम्हाला उशिरा सुचली. सासरे पर्यटक व्हिसावर होते. अमेरिकेचा कायदा बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि दारूगोळा बाळगायला मनाई करतो. शिकारीचा वैध परवाना असेल अशा काही मोजक्या सवलती आहेत. आणि 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत रिकामी केस, प्रायमर, गोळी आणि पावडर, सगळं सुटंसुटं येतं. म्हणजे सासरे कपाट खुशाल करोत, पण पावडरीचा डबा फळीवर त्यांनी मांडू नये, घरात ते एकटे असताना किल्ली त्यांच्याकडे असू नये. यावरून दुसरंच निघालं. नेमबाजाचा एक तरुण सहकारी, एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, शनिवारी येऊन हौसेने प्रेसचा दांडा ओढायचा आणि शंभरएक काडतुसं घरी घेऊन जायचा. ते त्याच दिवशी बंद झालं. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या पोराने शंभर काडतुसांसाठी काय पणाला लावलं होतं याची त्याला कल्पना नव्हती. आपल्या मंडळींत ही चूक सर्रास होते, कारण रेंजवर कोणी व्हिसा विचारत नाही.

शंभर काडतुसांचे पैसे? नेमबाज घ्यायचा. "फक्त साहित्याचा खर्च." अशा चौघांकडून मिळून वर्षाला 600 डॉलर. घरविमा धंद्याची जबाबदारी घेत नाही. बऱ्याच नमुन्यांत 12 महिन्यांत 2000 डॉलरपर्यंतची किरकोळ कमाई धंद्यात धरत नाहीत, तेव्हा विम्यापुरता तो कदाचित सुटला असता. पण विकण्यासाठी काडतुसं बनवणं हा धंदा ठरला तर एटीएफ या संघराज्याच्या शस्त्र-नियंत्रण खात्याचा टाइप 06 परवाना लागतो, आणि त्याच्या हातच्या काडतुसाने दुसऱ्याची रायफल फुटली, डोळा गेला, तर 600 डॉलरांची नव्हे, घराचीच किंमत मोजावी लागली असती. त्याला हे पटायला वेळ लागला. मित्राला फुकट द्यायला त्याची तयारी होती, पण फुकट दिलेल्या काडतुसानेही डोळा जाऊ शकतो हे मात्र तो आजही पुरतं मान्य करत नाही.

शेवटी गावच्या अग्निशमन विभागाच्या प्रतिबंध कार्यालयाला फोन. याला नेमबाजाचा विरोध होता, 'आपणहून कशाला बोलावणं?' आलेली बाई वीस मिनिटं होती. कपाट पाहून तिने सासऱ्यांना अंगठा दाखवला, आणि दोनच गोष्टी सांगितल्या: सांडलेली पावडर व्हॅक्यूम क्लीनरने ओढायची नाही, मोटारीच्या ठिणगीने पेटते, झाडू-सुपलीने गोळा करायची. आणि आग लागलीच तर 911वर पहिल्या वाक्यात सांगायचं, तळघरात काय आहे आणि कुठल्या भिंतीला. तिने पाठवलेला तीन ओळींचा मेल आमच्या फायलीतला सगळ्यात मोलाचा कागद ठरला.

निकाल

पहिल्या कंपनीला मी फोटो, यादी आणि तो मेल पाठवला, सोबत एक सरळ प्रश्न: तुमच्या अर्जात 'स्फोटक' या शब्दाची व्याख्या काय? उत्तर आलं ते फक्त रद्द करण्याची तारीख कायम असल्याचं.

तोवर दुसरीकडे दोन कंपन्यांनी नाही म्हटलं. तिसरीने प्रश्न विचारले: किती, कुठे, विक्री होते का, घरात मुलं आहेत का, किल्ली कोणाकडे. प्रश्न विचारणारा अंडररायटर स्वतः शिकारी निघाला, हा नशिबाचा भाग. पॉलिसी रद्द व्हायच्या सहा दिवस आधी नवी सुरू झाली. खंड पडला नाही. हप्ता 1,480 वरून 1,790 डॉलर झाला, म्हणजे 210 वाचवायला गेला आणि 310 जास्त देऊन बसला. अर्जाला जोडलेल्या पानावर 'वैयक्तिक वापर, 20 पाउंडांहून कमी पावडर, 10,000हून कमी प्रायमर, लाकडी कपाट' असं लिहिलेलं आहे.

जुलै 2024 मध्ये वादळात वीज गेली, तळघरातला पाणी उपसणारा पंप बंद पडला, सकाळी घोटाभर पाणी. पाणी उलटून येण्याचं संरक्षण मूळ पॉलिसीत नसतं, वेगळं घ्यावं लागतं. आम्ही 10,000 डॉलरांचं घेतलं होतं. अडजस्टर, म्हणजे कंपनीचा नुकसान तपासणारा, आला, लाकडी कपाटापाशी थांबला, टॅबवर फाइल उघडली, जोडलेलं पान वाचलं आणि पुढे गेला. पावडर वरच्या फळीवर कोरडी होती. खालचा गालिचा, बाकाचे पाय, दोन डाय सेट (प्रेसला लावायचे साचे) आणि पितळाची पोती भिजली. बंदुका आणि त्यांच्या सामानावर बऱ्याच पॉलिसींत 2,500 डॉलरची वेगळी मर्यादा असते, नेमबाज त्याच धास्तीत होता. पण ती मर्यादा चोरीपुरती असते, पाण्याला लागत नाही. 6,300चा दावा मंजूर झाला, स्वतःचा वाटा 1,500 वजा जाऊन 4,800 हातात आले.

काय वेगळं करता आलं असतं

अर्जावरच्या शब्दाचा अर्थ कळला नाही तर टिचकी मारण्याआधी फोन करायचा. ऑनलाइन अर्जात फोन करायला कोणी नसतं, म्हणून मी आहे, अर्थात हे मी सांगणं म्हणजे न्हाव्याने दाढी वाढली म्हणण्यासारखं. पण माझीही चूक होती. नेमबाज सात वर्षं माझा ग्राहक होता, 2019 पासून तळघरात प्रेस होती, आणि मी दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी फक्त छप्पर आणि कुत्रा विचारत होतो. आता छंदही विचारतो. गेल्या वर्षी एका घरात वाईन, एकात मधमाश्या आणि एकात लिथियम बॅटऱ्या दुरुस्त करायचा उद्योग सापडला. मला त्या बॅटऱ्यांची काळजी पावडरीहून जास्त वाटते.

वारशात आलेला उघडा डबा घरात घ्यायचाच नव्हता. मूळ लेबल नसलेली पावडर कोणती हे कोणालाच सांगता येत नाही, ती वापरताही येत नाही. देणाऱ्या बाईंना नकार देणं त्याला जड गेलं असतं हे समजतं. पण घेऊन बाहेरच्या बाहेर क्लबवर देता आला असता.

अग्निशमनला बोलावण्याबद्दल मी आजही दुमनात आहे. इथे ते कामी आलं, कारण साठा आधीच मर्यादेत आणला होता. 12,500 प्रायमर असताना बोलावलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. क्रम महत्त्वाचा: आधी मोजा, मग कमी करा, मग बोलवा.

सहा महिने संपले तसे सासरे परत निघाले. आदल्या रात्री बॅग भरताना मोज्यात एक चकचकीत पितळी केस सापडली, नातवाने आठवण म्हणून टाकलेली. रिकामी का असेना, मुंबई विमानतळावर क्ष-किरणाच्या पडद्यावर ती दिसली असती तर समजावता समजावता सांगलीची गाडी चुकली असती. मुलाला केस परत दिली, त्याऐवजी कपाटाच्या उरलेल्या प्लायवूडचा तुकडा त्यांनी नेला. त्यावर नातवाने पेन्सिलीने माप लिहिलंय: पाऊण इंच.

पहिल्या कंपनीला 'स्फोटक'ची व्याख्या विचारणारा माझा मेल अजून अनुत्तरित आहे.